सात फुटांच्या होडीतला संसार



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, 'सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता या होड्या कुठून आल्या?' खरं सांगायचं तर होड्या भाचीकडून आल्या. माझी भाची आणि तिचा नवरा लंडनमध्ये नोकरी करतात आणि गेली काही वर्षं कालव्यावरच्या एका नॅरोबोटीत राहतात. लंडनची घरभाडी परवडत नाहीत हे एक कारण, आणि हौस हे दुसरं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे बारा दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी भाचीने मला कामं नेमून दिली. शेगडीतली राख काढायची, कोळसा भरायचा आणि पाणी जपून वापरायचं. 'मामा, इथे नळ दिसतोय ना, त्याच्या मागे टाकी आहे, धरण नाही,' असं ती म्हणाली. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला माणूस. दहा बाय बाराची खोली, सकाळी दोन तास येणारं पाणी, हे मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की इथे घर चालत होतं. म्हणजे अक्षरशः चालत होतं, ताशी तीन मैलांनी.

परत आल्यावर मी या होड्यांबद्दल वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट खटकायला लागली. कालवे खोदणाऱ्या इंजिनिअरांची नावं मिळतात, पैसे घालणाऱ्या सरदारांची मिळतात, कुठल्या वर्षी किती टन कोळसा वाहिला तेही मिळतं. पण त्या होडीत भाकरी कोणी भाजली, धुणं कोणी धुतलं, पोरांना कोणी सांभाळलं, हे शोधायला गेलं की कागद कमी पडतात. आणि माझं आजचं म्हणणं असं आहे, की ही कामं हिशेबात धरल्याशिवाय या कालव्यांचा शेवटच्या शंभर वर्षांचा इतिहास समजतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ती भराभर सांगतो, कारण ती कुठल्याही पुस्तकात मिळेल. १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याने वर्स्लीच्या आपल्या खाणींपासून मँचेस्टरकडे कालवा काढला. त्याचा इंजिनिअर होता जेम्स ब्रिंडली. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला असं सांगतात. कारण सरळ आहे. एका घोड्याच्या पाठीवर फार तर सव्वाशे किलो ओझं जातं. तोच घोडा काठावरून चालत दोराने होडी ओढायला लागला, की पंचवीस-तीस टन माल हलतो. पाणी वजन पेलतं, घोड्याने फक्त ओढायचं.

मग ब्रिंडलीने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा आखला. त्यात हेअरकासल नावाचा डोंगर आडवा आला. त्यातून जवळजवळ पावणेदोन मैलांचा बोगदा काढायचा, तर तो जितका अरुंद तितका स्वस्त. लॉकसुद्धा अरुंद ठेवले, की पाणी कमी लागतं. लॉक म्हणजे काय ते सांगतो. दोन टोकांना दरवाजे असलेली दगडी कुंडी. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, होडी वर चढते किंवा खाली उतरते. पाण्याचा जिनाच म्हणा. तर हे लॉक ठरले साधारण सात फूट रुंद आणि बहात्तर फूट लांब. त्यामुळे होडीही सात फुटांहून जरा कमी रुंद आणि सत्तर-बहात्तर फूट लांब. रेल्वेच्या डब्यापेक्षाही चिंचोळी. १७६०-७० च्या सुमारास पैसे आणि पाणी वाचवण्यासाठी घेतलेला हा निर्णय. पुढे दोनशे वर्षं माणसं त्या मापात जन्मली, वाढली आणि मेली.

हेअरकासलच्या बोगद्यात घोड्यासाठी पायवाट ठेवली नव्हती. तेवढा खर्च कशाला? मग घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचा. बहुधा पोरगाच न्यायचा. आणि होडीवर फळी टाकून दोघं माणसं तिच्यावर उताणी झोपायची आणि बोगद्याच्या भिंतीवर पाय देत होडी चालवायची. भिंतीवर आडवं चालायचं, अंधारात, दोन-तीन तास. डोंगरावरच्या त्या रस्त्याचं नाव अजून बोटहॉर्स रोड असं आहे. १८२७ मध्ये टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा काढला, त्यात पायवाट ठेवली. म्हणजे ती गोष्ट सुचायला, किंवा परवडायला म्हणा, पन्नास वर्षं गेली.

तर सुरुवातीला होडीवर असायचे बाप्ये आणि एखादा पोरगा. बायकापोरं बहुतेक काठावरच्या घरात. काही कुटुंबं आधीपासून होडीवर होती, नाही असं नाही. पण चित्र बदललं ते रेल्वे आल्यावर. १८३८ मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली. रेल्वे काही तासांत जायची, होडीला दिवस लागायचे. कालव्याकडे स्पर्धेचा एकच मार्ग उरला, दर पाडणे. दर पाडले की नावाड्याची मिळकत पडली. मग नावाड्याने काय केलं? काठावरचं भाड्याचं घर सोडलं, बायको आणि पोरं होडीवर आणली. भाडं वाचलं आणि गड्याची मजुरीही वाचली. बायको सुकाणू धरायला लागली, पोरं घोडा हाकायला लागली.

इथे जरा थांबू या. अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणतात की कालव्यांनी रेल्वेशी शंभर वर्षं झुंज दिली. कोणाच्या जोरावर दिली? एका माणसाच्या मजुरीत तीन-चार माणसांचं काम, हा त्या झुंजीचा पाया आहे. पैसे मिळायचे खेपेवर, टनावर. तासांवर नाही. माल उतरवायला गोदीत चार दिवस खोळंबा झाला तर बहुतेकदा ते चार दिवस फुकट. आणि जी काही रक्कम यायची ती होडीच्या कप्तानाच्या, म्हणजे नवऱ्याच्या हातात. बायकोचं नाव हिशेबाच्या वहीत नसायचंच.

आपल्याकडे ऊसतोडीला जोडप्याला मिळून 'एक कोयता' म्हणतात, उचल घेताना नवरा-बायको मिळून एक नग धरतात, हे तुम्हाला माहीत आहे. मी दोन्हींची तुलना पुढे ताणणार नाही, इंग्लंडचा नावाडी दरवर्षी गावी परतत नव्हता, त्याला गावच नव्हतं. पण हिशेब मात्र ओळखीचा वाटतो.

आता केबिन बघू. सत्तर फूट होडीतली साठ फूट मालासाठी. मागच्या टोकाला उरलेली आठ-दहा फूट लांबीची खोली म्हणजे घर. आत शिरताना पायरी म्हणून ज्यावर पाय ठेवायचा ती कोळशाची पेटी. डाव्या हाताला लोखंडी शेगडी, तिलाच भट्टी. शेगडीजवळ टोलच्या पावत्या ठेवायचा छोटा खण. पुढे एक कपाट, त्याचं दार खाली पाडलं की ते जेवायचं टेबल. समोर एक बाक, तो दिवसा बसायला, रात्री पोरांना झोपायला. आणि टोकाला आडवा पलंग, तोही दिवसा दुमडून कपाटात जायचा. मुलं जास्त असली की जमिनीवर. एकही वस्तू एकाच कामाची नाही. आमच्या चाळीत पाट होता, तो बसायला, पोळ्या लाटायला आणि परीक्षेच्या दिवसांत लिहायलाही. तीच बुद्धी.

या खोलीत एक विलक्षण सोय होती. सुकाणू धरणारी बाई दारातच, खोलीच्या तोंडाशी उभी असायची. बाहेर थंडी-पाऊस, पण गुडघ्यांशी शेगडीची ऊब. तिथूनच वाकून शेगडीवरचं पातेलं ढवळता यायचं. एक हात सुकाणूवर, एक डोळा पुलावर, दुसरा हात रश्श्यात. सकाळी मांस, बटाटे, कांदे घालून भांडं चढवायचं, ते दुपारपर्यंत रटरटत राहायचं, कारण जेवायला थांबायचं नसायचं. थांबलं की खेप लांबली, खेप लांबली की आठवड्याची मिळकत घटली. वाट बघणारं कोणी घरी नव्हतं हे खरं, पण लॉकपाशी मागून येणारी होडी पुढे निघून जाईल ही धास्ती कायम.

आणि पोरं? रांगतं मूल होडीवर म्हणजे जिवाला घोर. पाणी फूटभर अंतरावर. जुन्या नावाड्यांच्या आठवणींत येतं, की मुलाला पट्टा बांधून केबिनच्या छपरावर, धुराड्याजवळच्या कडीला अडकवून ठेवायचे. म्हणजे आईच्या नजरेसमोर राहील आणि पाण्यात पडणार नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण सुकाणू सोडता येत नाही आणि मूलही सोडता येत नाही, तर तिने करायचं काय?

पुढे १९१० नंतर मालवाहू होड्यांत इंजिनं आली, स्वीडनचं बोलिंडर त्यात प्रसिद्ध. इंजिनामुळे काम हलकं झालं असं आपल्याला वाटेल. झालं उलटं. एक इंजिनाची होडी मागे दुसरी बिनइंजिनाची होडी ओढायला लागली. या मागच्या होडीला 'बटी' म्हणतात. दोन्ही मिळून पन्नास टन माल. नवरा इंजिनाच्या होडीवर, बायको बटीवर. म्हणजे आता तिची अख्खी होडी, तिचं सुकाणू, तिचा स्वयंपाक, तिची पोरं. लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंतचा ग्रँड युनियन कालवा १३७ मैलांचा आणि त्यावर १६६ लॉक. लॉक आले की कोणीतरी सायकलवरून पुढे जाऊन कुंडी तयार ठेवायची, जड लाकडी दरवाजे पाठीने रेटायचे, लोखंडी किल्लीने पाण्याच्या झडपा उघडायच्या. हॅटनला एकापाठोपाठ एकवीस लॉक आहेत. मी तिथे गेलोय. तिसऱ्या लॉकला माझ्या हातून ती किल्ली निसटून पाण्यात गेली. भाची हसली, म्हणाली, 'मामा, प्रत्येकाची एक तरी जातेच, म्हणून आम्ही तीन ठेवतो.' आम्हा तिघांना एकवीस लॉक चढायला अख्खी दुपार लागली आणि रात्री माझी पाठ बोलत होती. हे काम भरलेल्या दोन होड्या घेऊन, गरोदरपणात, बर्फात, आणि वर स्वयंपाक! मला तरी कल्पना करवत नाही.

पाण्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. कालव्याचं पाणी घाण. पिण्याचं पाणी ठरावीक ठिकाणी नळावरून भरून घ्यायचं आणि पत्र्याच्या रंगवलेल्या कॅनमध्ये छपरावर ठेवायचं. या कॅनला बकबी कॅन म्हणतात, लाँग बकबी या गावावरून. आज त्या कॅन पुराणवस्तूंच्या दुकानात शोभेच्या म्हणून मिळतात, वर गुलाब काढलेले. पण ती घागर होती हो, दुसरं काही नाही. धुण्याला मात्र कालव्याचंच पाणी. काठावर पेटवायचं, मोठ्या भांड्यात पाणी तापवायचं, लाकडी पिपात कपडे घालून दांड्याने घुसळायचे, चरकातून पिळायचे. आणि वाळत घालायचे कुठे? रिकाम्या होडीच्या मालाच्या जागेवर दोरी बांधून. पण होडी रिकामी असेल तेव्हाच. कोळसा भरलेला असला तर धुणं थांबलं, कारण पांढरं कापड क्षणात काळं. कोळसा उतरला की आधी ती जागा झाडून काढायची, पुढच्या खेपेला धान्य असलं तर धुवून काढायची. मग माल भरला की फळ्या, आडवे बांबू, त्यावर ताडपत्र्या, दोर आवळायचे. हे घरकाम की होडीकाम? मला सांगा. झाडू तोच, बाई तीच, मालकाच्या वहीत ना हे ना ते.

शौचाची सोय म्हणजे बादली. त्याबद्दल अधिक सांगायला नको. काठची झुडपंही होती.

आता बाहेरच्या जगाला हे कसं दिसलं? १८७० च्या दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे एक गृहस्थ पुढे आले. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ म्हणून त्यांना ओळखतात. लहानपणी वीटभट्टीवर राबलेले. आधी त्यांनी वीटभट्टीवरच्या मुलांसाठी लढा दिला, त्यात स्वतःची नोकरी घालवून बसले. मग कालव्यांकडे वळले. त्यांनी लिहिलं की या होड्यांत घाण आहे, अज्ञान आहे, दारू आहे, मुलं शाळेत जात नाहीत. आकडे त्यांनी बरेच फुगवले होते असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे. माणूस तळमळीचा, पण चिखलात कमळ न दिसणारा. तरी त्यांच्याच रेट्यामुळे १८७७ मध्ये कॅनाल बोट्स अॅक्ट झाला, १८८४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. होडीची घर म्हणून नोंदणी सुरू झाली, तपासनीस आले.

त्या कायद्याखालचे नियम वाचताना मला मौज वाटली, आणि थोडं वाईटही. राहण्याच्या केबिनमध्ये निदान १८० घनफूट हवा हवी. बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, त्याखालच्या मुलाला ४०. आता आपण गणित करू. नवरा, बायको, १२० झाले. उरले ६०. म्हणजे एक मूल आणि अर्धं मूल. पिण्याचं पाणी निदान तीन गॅलन, म्हणजे साडेतेरा लिटर, साठवायची सोय हवी. राज्यसंस्थेने पहिल्यांदाच या घरात डोकावून पाहिलं आणि तिला मोजता आली ती हवा आणि पाणी. श्रम मोजायचं सुचलं नाही. कामाचे तास, बायकोची मजुरी, मुलांचं राबणं याबद्दल त्या घनफुटांत काही नव्हतं. मला हे त्या काळाचं वैगुण्य म्हणून सोडून देता येत नाही. घर एका बाजूला आणि कामाची जागा दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी कायद्याच्या डोक्यात पक्की होती. होडी दोन्ही होती. त्यामुळे कारखान्याचे कायदे तिला लागू होईनात आणि घराचे कायदे पुरेनात.

हॅना आरेंटने १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये श्रम आणि निर्मिती यांत फरक केला आहे. निर्मितीतून वस्तू उरते. श्रमातून काही उरत नाही, जेवण खाल्लं जातं, कपडा पुन्हा मळतो. वर्गात शिकवताना मी हा फरक मोठ्या थाटात समजावून द्यायचो. होडीवर बारा दिवस राहिल्यावर मला तो जरा पुस्तकी वाटू लागला. कारण बटीवरच्या बाईचं न उरणारं काम नसतं, तर बर्मिंगहॅमला पन्नास टन पोचलेच नसते. तिचा रस्साही त्या टनांत होता.

आणि मग ते पितळ. नॅरोबोटीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल तर आठवेल, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, आत भिंतीवर लेस लावलेल्या चिनी मातीच्या बशा, पितळेच्या मुठी, धुराड्यावर पितळी कडी. पर्यटक म्हणतात, वा, काय लोककला! जॉर्ज स्मिथसारख्यांना हे दिसलंच नाही. पितळ रोज घासावं लागतं. धुरात, कोळशाच्या भुकटीत, ओलाव्यात ते एका दिवसात काळवंडतं. मग जिला दिवसाचे पंधरा-सोळा तास काम, ती हे जादा काम ओढवून का घेते? मला वाटतं, तपासनीस कधीही आत डोकावेल, काठावरचे लोक 'पाण्यावरचे जिप्सी' म्हणून नाकं मुरडतील, त्यांना द्यायचं उत्तर म्हणजे ते चकाकणारं पितळ. तोंडाने भांडायची सोय नव्हती, लिहिता येत नव्हतं. माझी आजी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून फळीवर मांडायची, पाहुणा आला की त्याची नजर तिथे जातेय की नाही ते बघायची. हा माझा तर्क आहे, चुकीचाही असेल. पण केवळ सौंदर्यदृष्टी म्हणून कोणी सोळा तासांनंतर पितळ घासत नाही.

या तर्काला थोडा आधार सरकारी कागदात सापडतो. १९२० मध्ये होड्यांवर राहण्याच्या प्रश्नावर एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते नेव्हिल चेंबरलेन, पुढे पंतप्रधान झालेले तेच. १९२१ च्या अहवालात समितीने म्हटलं की स्वच्छता आणि आरोग्य या बाबतीत होडीवरची माणसं काठावरच्या त्याच वर्गातल्या लोकांपेक्षा कमी नाहीत. आणि तरीही शिफारस केली की शाळेच्या दिवसांत शाळकरी मुलांना होडीवर राहू देऊ नये. ते अमलात आलं नाही. १९२९ मध्ये त्यासाठी संसदेत विधेयक आलं, तेही बारगळलं.

हा पेच मला सोपा वाटत नाही. मुलांना शाळा हवी, यात वाद नाही. होडी आज इथे, उद्या वीस मैलांवर. मूल एका शाळेत एक दिवस, दुसऱ्या शाळेत अर्धा दिवस, बाईंना नावही कळायच्या आत पुढे. सहाव्या-सातव्या वर्षी ते लॉक चालवायला शिकायचं, पण नाव लिहायला नाही. पण मुलं काठावर ठेवा म्हणजे आईही काठावर ठेवा, किंवा आईपासून मूल तोडा. आणि आई काठावर गेली की धंदा बुडाला, कारण धंदा तिच्या फुकट कामावर चालला होता. मालकांनी विरोध केला तो कुटुंब एकत्र राहावं या भावनेने केला असं त्यांचं म्हणणं. असेलही. नावाड्यांनीही केला, आणि त्यांचा तरी मनापासून होता. दोघांचं कारण मात्र एक नव्हतं.

नावाडी गप्प बसणारे होते असंही समजू नका. १९२३ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध ब्राउनस्टन इथे होड्या बांधून ठेवून त्यांनी संप केला, काही महिने चालला. संपात घर सोडून कामावर जायचं नाही असं म्हणता येत नाही, कारण घरच कामावर. तेव्हा घरासकट संप.

दुसऱ्या महायुद्धात एक वेगळीच गोष्ट घडली. माणसं कमी पडायला लागली तेव्हा शिकलेल्या, मध्यमवर्गीय तरुण मुलींना होड्या चालवायला शिकवलं गेलं. तीन मुली आणि दोन होड्या. लंडनहून पोलाद वगैरे घेऊन बर्मिंगहॅमला जायचं, येताना कव्हेंट्रीकडचा कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर 'आयडब्ल्यू' अशी अक्षरं होती, इनलँड वॉटरवेजची. लोकांनी त्याचं 'आयडल विमेन', म्हणजे आळशी बायका, असं करून टाकलं. संख्येने त्या थोड्याच, काही डझन. पण त्यांना लिहिता येत होतं. सुझन वुल्फिटचं पुस्तक १९४७ मध्ये आलं, एमा स्मिथचं 'मेडन्स ट्रिप' १९४८ मध्ये. आणि बघा, तेव्हा कुठे धुणं, भूक, फुटलेले हात, ओले मोजे, लॉकवरची घाई हे सगळं कागदावर उतरलं. जे काम नावाड्यांच्या बायका शंभर वर्षं करत होत्या, ते साहस म्हणून छापलं गेलं, कारण ते आता नवखे हात करत होते. मी त्या लेखिकांना दोष देत नाही. उलट त्यांनी नावाड्यांच्या बायकांबद्दल आदरानेच लिहिलं आहे, त्यांच्यापुढे आपण किती कच्च्या होतो हे कबूल केलंय. पण या मुलींची मजुरी त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. शेजारच्या बटीवरच्या बाईची नव्हती.

पुढचा भाग थोडक्यात. १९४८ मध्ये कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, होड्या बर्फात अडकल्या, गिऱ्हाइकं रस्त्याकडे गेली ती परत आली नाहीत. त्याच वर्षी सरकारी होड्यांची वाहतूक जवळजवळ बंद झाली. लांब पल्ल्याची शेवटची नियमित खेप होती वॉरिकशायरमधल्या अॅथर्स्टनहून लंडनजवळच्या सौथॉलमधल्या एका जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवण्याची. ती १९७० च्या ऑक्टोबरात थांबली. सौथॉल तोपर्यंत पंजाबी मंडळींनी गजबजायला लागलं होतं. एक स्थलांतरित संसार पाण्यावरून उठत होता आणि हाकेच्या अंतरावर दुसरा मांडला जात होता.

आणि आज? आज त्या पाण्यावर राहणाऱ्यांना मालाची गरज नाही. साठ फूट मालाच्या जागी आता दिवाणखाना, न्हाणीघर, पुस्तकं, लॅपटॉप. कायमचा धक्का ज्यांना परवडत नाही त्यांनी १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. माझी भाची दर दुसऱ्या शनिवारी घर हलवते. पाण्याची टाकी भरणं, संडासाची पेटी नेऊन रिकामी करणं, गॅसचा सिलिंडर, पंख्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी गार पाण्यात हात घालून सोडवणं, दर दोन-तीन वर्षांनी तळाला डांबर. कामं काही संपलेली नाहीत. फरक एवढाच, की तिने हे निवडलंय आणि नको झालं तर उतरता येतं. तिच्या भिंतीवर कामांची यादी आहे, दोघांची नावं आलटूनपालटून. मी विचारलं, 'हे पाळता का?' जावई राख काढायला बाहेर गेले होते. ती म्हणाली, 'मामा, राख त्याची, पाणी माझं. पितळ मात्र आम्ही लावलंच नाही. कोण घासणार?'

वेळ झाली. इथे थांबतो. लॉक कसा चालतो ते पुन्हा समजून घ्यायचं असेल तर फळ्यावर काढून दाखवतो, आणि कोणाला प्रश्न असतील तर विचारा.